रिकामी गाडी उडते

रऊफभाईंना खुर्चीचा मनापासून राग होता.

नाशिकला द्वारकेवर, उड्डाणपुलाच्या अलीकडे सर्व्हिस रोडला लागून एका लांबलचक पत्र्याखाली आमची दोन दुकानं. डावीकडे त्यांचं कमानपाट्यांचं, उजवीकडे माझं सीटकव्हरचं आणि गाद्यांचं. मी या धंद्यात वडिलांमुळे आले आणि हट्टामुळे टिकले. माझ्या दुकानात कुठल्या ना कुठल्या गाडीच्या सीटा कायम पडलेल्या असतात, शिवाय गिऱ्हाइकांसाठी हातांची एक चांगली खुर्ची आहे. पण शेजारचा हा माणूस इतक्या वर्षांत कधी त्यातल्या कशावरही टेकला नाही. जुना टायर आडवा टाकायचा, त्याच्या काठावर बसायचं आणि बशीत ओतून चहा प्यायचा. "मऊ जागेवर बसलं ना ताई, की माणसाचं ढुंगण खोटं बोलायला लागतं," असं ते सांगायचे. समोर कोण आहे याची पर्वा नाही. मी डोळे वटारले की "माफी, माफी" म्हणून कानाला हात लावायचे आणि पुढचं गिऱ्हाईक आलं की पुन्हा तेच ऐकवायचे.

साहजिकच आमचं भांडण होतं, आणि ते रोजचं होतं. "गाडीची कमान बरोबर असली तर तुमच्या दुकानाची गरजच काय?" हे त्यांचं म्हणणं. "तुमच्या कमानी बरोबर असत्या तर माझं दुकान कधीच बंद पडलं असतं," हे माझं. दोन्ही दुकानं वर्षानुवर्षं चालू होती, म्हणजे दोघांच्याही बोलण्यात काहीतरी तथ्य असावं.

पिकअपच्या मागच्या चाकांवर पोलादी पट्ट्या एकावर एक रचून बांधलेल्या असतात, ती कमान. त्यातली एकेक पट्टी म्हणजे पाटा. गाडीत माल पडला की कमान दबते आणि रस्त्याचा दणका स्वतः खाते. विंचूरचा कांदा, सिन्नरच्या कारखान्यांचं लोखंड, गिरणाऱ्याचे टमाटे, जो तो कागदावर लिहिलंय त्यापेक्षा जास्तच भरतो, आणि गाडी मागून बसली की रऊफभाईंकडे येतो. मग ते एखादा पाटा चढवायचे. चढवताना मालकाला शिव्या, चढवून झाला की गाडीच्या पाठीवर थाप. नम्रपणाचं आणि त्यांचं कधी जमलं नाही. "या जिल्ह्यातला कांदा माझ्यामुळे झोपून प्रवास करतो," असं ते भर रस्त्यात मोठ्याने म्हणायचे.

काम झालं की त्यांची एक परीक्षा असायची. गाडीच्या मागच्या कोपऱ्यावर दोन्ही तळहात ठेवायचे, अंगाचं सगळं वजन टाकून दाबायचं आणि एकदम सोडायचं. गाडी वर येऊन शांत होईपर्यंत डोळे मिटून उभे. मग स्वतः मागच्या हौद्यात चढायचे. उघड्या पत्र्यावर पाय लांब सोडून बसायचं, कशालाही धरायचं नाही, आणि मालकाला म्हणायचं, चल. पुलाखालून एक वळसा. केबिनच्या पत्र्यावर एक थाप मारली की थांबायचं, दोन मारल्या की हळू घ्यायचं, हे मालकाला आधीच बजावलेलं. बाकी सगळं त्यांचा मणका ऐकायचा. येणारे-जाणारे हसायचे, सिग्नलवरची पोरं टाळ्या वाजवायची. परत आल्यावर खाली उतरून, कमरेवर हात ठेवून ते निकाल द्यायचे: उजवीकडचा रबरी बुश रडतोय, किंवा, खालचा पाटा अजून ऐकत नाही. आणि एखाद्या मालकाने गाडी फार दणकते अशी तक्रार केली की त्यांचं ठरलेलं उत्तर असायचं. "रिकामी गाडी उडतेच रे. ती मालासाठी बनवलीय, तुझ्यासाठी नाही. वजन पडू दे, शहाणी होईल." हे वाक्य मी भिंतीपलीकडून इतक्यांदा ऐकलंय की शिवणयंत्र चालू असतानाही मला ते नुसत्या चालीवरून कळायचं.

अलीकडे त्यांच्याकडे एक नवीन जात यायला लागली होती. शेतकऱ्यांची तरणी पोरं, नवी कोरी डिझेल पिकअप आणि मोबाइलमध्ये कुठल्या तरी वाळवंटातल्या गाडीचा फोटो. जाड गोट्यांच्या नक्षीचे मोठे टायर पाहिजेत, गाडी उंच पाहिजे, पुढे लाइटचा पट्टा पाहिजे. रऊफभाई त्यांची यथेच्छ टिंगल करायचे आणि मग काम मात्र जीव ओतून करायचे. "मोठा टायर खड्ड्यात पडत नाय, खड्ड्यावरून जातो, हे खरंय," ते समजावायचे. "पण टायर मोठा केला की तो मडगार्डला घासतो. म्हणून गाडी उचलायची. गाडी उचलली की शॉकअप लांब लागतात. मग ब्रेक कमी पडतो, इंजिन चढावर रडतं, काटा पन्नास दाखवतो आणि गाडी साठने पळत असते. एकाला हात लावला की दुसरं ओरडतं. बोल, करू?" पोरगं अर्थातच करा म्हणायचं.

मखमलाबादकडच्या एका झेंडूवाल्याच्या पोराची, गणेशची, गाडी अशीच त्यांनी उचलली होती. झाल्यावर ती खरोखर बघण्यासारखी दिसत होती. चहावाला हातातली किटली तशीच धरून बघत राहिला. गणेश छाती फुगवून गेला. आठवडा झाला नसेल, एक दिवस रिक्षातून एक बाई उतरल्या, डोक्याला पदर, पायात गणेशच्याच असाव्यात अशा मोठ्या चपला.

"मिस्त्री कोन हाय हितला?"

"मी," रऊफभाई टायरवरून उठले.

"तूच का रं बाबा. मी गणेशची आई. रोज सकाळी फुलांच्या जाळ्या घिऊन मी त्याच्या शेजारी बसून बाजारात जाते. माझं गुडघं गेलं. आता गाडीत चढाया शिडी घिऊन फिरू का? गाडी केली का माडी बांधली?"

मी भिंतीला टेकून मजा बघत होते.

"पोरगं मला हाताला धरून वढतं वर. चार लोकांत. मला लाज वाटती," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज जरा बदलला तेव्हा माझंही हसू गेलं.

दुसऱ्याच दिवशी गाडी परत आली. रऊफभाईंनी ती जितकी खाली घेता येईल तितकी घेतली आणि तिच्या बाजूला चांगली रुंद लोखंडी पायरी ठोकली. गणेशचं तोंड एवढंसं झालं होतं. त्या दिवसापासून गाडी उंच करायला येणाऱ्या प्रत्येकाला ते आधी विचारायचे, "घरात दुखरे गुडघे किती हायेत? मोजून ये. मग टायरचं बोलू." मला हे फार आवडलं होतं. मी तसं बोलून दाखवलं नाही, कारण मग त्यांनी ते वर्षभर ऐकवलं असतं.

शमीमभाभी मधूनमधून त्यांच्याबरोबर विंचूरहून यायच्या. विंचूरला त्यांचं दोन खोल्यांचं घर, दारात लिंबाचं झाड, कोंबड्या. मुलगी लग्न होऊन मालेगावला. रऊफभाई रोज आपल्या जुन्या डिझेल पिकअपमधून जा-ये करायचे आणि बाजाराचं काही काम असलं की भाभी शेजारी बसून यायच्या. त्या सरळ माझ्या दुकानात शिरायच्या, सगळ्यात जाड फोमची सीट शोधायच्या आणि तिच्यावर ऐसपैस बसून नवऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "बसले बाई खोटं बोलायला." पलीकडून हातोडीचा आवाज थांबायचा. त्या तोंडावर ओढणी धरून हसायच्या आणि डब्यातली लिंबाच्या गोड लोणच्याची फोड माझ्या हातावर ठेवायच्या.

मग त्यांची पाठ दुखायला लागली. पाण्याचा हंडा उचलताना लचक भरली असेल म्हणून मलम झालं, शेक झाला. शेवटी नाशिकला फोटो काढले तेव्हा कळलं की मणक्यात गाठ आहे आणि हाड आतून पोकळ होत चाललंय. रोज दवाखान्यात आणायचं, मशीनखाली काही मिनिटं झोपवायचं, परत न्यायचं, असं काही आठवडे करावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. उपचार दुखत नव्हता. दुखत होता तो रस्ता.

पहिल्या दिवशी दवाखान्यातून परत जाताना ते दुकानाशी थांबले. मी पाणी घेऊन गाडीपाशी गेले. भाभींनी दाराचं हँडल दोन्ही हातांनी धरलं होतं आणि ओढणीचं टोक दातांत होतं. ते काढून त्या मला म्हणाल्या, "ताई, ह्यांनी सगळ्या जिल्ह्याच्या कांद्याला झोपवलं बघा. आणि माझीच हाडं मोजली." म्हणाल्या हसतच. पण रऊफभाई स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत राहिले. त्यांची गाडी म्हणजे पाटे वाहायची गाडी, सगळ्यात कडक कमानीची.

त्या दिवसापासून त्यांच्यापुढे एकच काम उरलं. विंचूरपासून नाशिकपर्यंत शमीमभाभीला कळ न येता आणायचं. आजाराचं डॉक्टर बघतील, रस्ता आपला, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

मी माझ्या परीने शहाणपणा शिकवलाच. माझ्या वरच्या खोलीत राहा म्हटलं. भाभी एक रात्र राहिल्या आणि सकाळी हात जोडून म्हणाल्या, "दुखायचंच आहे ना ताई, तर माझ्या घरात दुखू द्या. इथे मला कण्हायची पण लाज वाटते." अँब्युलन्स आणून पाहिली. तीत रऊफभाई स्वतः मागे बसून आले आणि उतरल्याबरोबर ड्रायव्हरशी भांडले. कुणाची तरी मोटार आणली, तर तिच्यात कमरेत वाकून खाली बसावं लागायचं आणि भाभींना वाकताच येत नव्हतं. शेवटी पिकअपचीच सीट ताठ आणि रुंद म्हणून तीच बरी ठरली.

त्यांनी कमानीतले पाटे काढायला सुरुवात केली. आयुष्यभर चढवलेले, आता एकेक उतरवत होते. गाडी थोडी नरम झाली, पण मोठ्या खड्ड्यात थेट लोखंडावर लोखंड आपटायला लागलं. परत एक चढवला. नवे शॉकअप आणले, बसवले, काढले, दुसरे बसवले. प्रत्येक वेळी स्वतः हौद्यात बसून वळसा घ्यायचे. गाडी चालवायला त्यांचा पुतण्या इरफान असायचा, चाळिशीचा, शांत गडी. दोन थापा, एक थाप, पुन्हा दोन थापा, दिवसभर तेच चालायचं. गिऱ्हाइकांच्या गाड्या बाहेर रांगेत उभ्या राहायच्या आणि कंटाळून निघून जायच्या.

एक दिवस ते माझ्या दारात येऊन उभे राहिले. हात पुसत होते. बराच वेळ पुसत होते.

"ताई, सीट बनवून द्या."

"कशी पाहिजे?"

"मऊ," ते म्हणाले. "सगळ्यात मऊ जे असेल ते."

मी कितीतरी वर्षं हे वाक्य ऐकायची वाट बघत होते, आणि ऐकलं तेव्हा मला रडू आलं. मी खाली कडक फोम घातला, वर नरम, त्यावर कापसाची पातळ गादी, आणि पाठीशी मणक्याच्या जागी उभी पोकळी ठेवली, म्हणजे दुखरा भाग कशालाच टेकणार नाही. रऊफभाईंनी तिच्यावर तळहात दाबून पाहिला, जसा गाडीच्या कोपऱ्यावर दाबायचे तसा. सोडला. डोळे मिटून थांबले. दुसऱ्या दिवशी भाभी आल्या तेव्हा त्यांचे ओठ तसेच पांढरे होते. "सीट छान आहे हो ताई," त्या मला म्हणाल्या. त्यांना माझं वाईट वाटत होतं, हे मला जास्त लागलं.

मग टायर. मोठा टायर खड्ड्यात पडत नाही, खड्ड्यावरून जातो. पोरांना सांगितलेलंच त्यांना आता स्वतःला पटलं होतं. जाड, उंच, बाजूने भरदार टायर आणले, हवा कमी ठेवली. ते मडगार्डला घासले म्हणून गाडी उचलली. लांब शॉकअप, कमानीखाली ठोकळे. सकाळपासून दुपारपर्यंत जेवले नाहीत. काम झाल्यावर हौद्यात बसून वळसा घेऊन आले आणि उतरले तेव्हा कितीतरी दिवसांनी तोंडावर हसू होतं. "ताई! लोणी!" एवढंच ओरडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्याच्या दारात मी त्यांच्याबरोबर होते. येताना भाभींना शेजारच्या बायकांनी घराच्या ओट्यावरून आत बसवलं होतं. आता परत जायचं होतं. इरफानने दार उघडलं. भाभींनी वर बघितलं. सीट त्यांच्या छातीशी होती. त्यांनी एक पाय उचलायचा प्रयत्न केला, तो पायरीपर्यंतही गेला नाही, आणि त्या मागे माझ्या अंगावर टेकल्या.

"रऊफ," त्या हळूच म्हणाल्या. नवऱ्याला नावाने हाक मारलेली मी पहिल्यांदाच ऐकली. "इतनी ऊँची क्यों कर दी?"

रऊफभाई गाडीकडे बघत होते. आम्हा दोघांनाही त्या क्षणी कोण आठवलं हे आम्हा दोघांना माहीत होतं. ज्या माणसाने गावभरच्या पोरांना गुडघे मोजून यायला सांगितलं, तो स्वतःच्या घरातले मोजायला विसरला होता. ते झपाझप चालत निघाले. दवाखान्यापासून दुकान काही लांब नाही. आम्ही भाभींना बाकावर टेकवलं. थोड्या वेळाने रऊफभाई परत आले ते माझी खुर्ची डोक्यावर घेऊन. धापा टाकत त्यांनी ती भाभींसमोर ठेवली. मग भाभींना खुर्चीत बसवून दोघांनी खुर्चीसकट उचललं आणि सीटच्या उंचीला धरलं, आणि त्या तसूतसूने सरकत आत गेल्या. तेव्हापासून ती खुर्ची पिकअपमध्येच राहायला लागली.

आणि मग, ध्यानीमनी नसताना, एक चांगला दिवस आला. विंचूरच्या शेजाऱ्याच्या कांद्याच्या गोण्या द्वारकेपर्यंत पोचवायच्या होत्या, नाही म्हणवेना म्हणून रऊफभाईंनी त्या मागे टाकल्या होत्या. त्या दिवशी पिकअप येऊन थांबली आणि रऊफभाई तोंडावर बोट ठेवून उतरले. मी काचेतून पाहिलं. शमीमभाभींची मान बाजूला कलली होती, तोंड किंचित उघडं होतं. त्या झोपल्या होत्या.

"सो गयी," ते कुजबुजले. "ताई, निफाडपासून झोपलीय. एकदा पण उठली नाय." मग स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. "साला मी मिस्त्री हाय का कोन हाय? सगळ्या दुनियेला सांगतो, रिकामी गाडी उडते, रिकामी गाडी उडते. आणि घरच्या बाईला रोज रिकाम्या गाडीतून आणतो!"

ते हसत होते आणि त्यांचे डोळे वाहत होते. मलाही धड हसता येईना.

त्या दिवसापासून गाडीच्या मागे वाळूच्या गोण्या आल्या. कांद्याच्याच जुन्या बारदानात वाळू भरून, मागच्या चाकांच्या बरोबर वर, दोरीने पक्क्या बांधलेल्या. एखादी गोणी कमी करायचे, एखादी पुढे सरकवायचे, आणि दुसऱ्या दिवशी भाभींच्या चेहऱ्याकडे बघून पुन्हा जागा बदलायचे. एवढं वजन आणि एवढे मोठे टायर ओढताना ते जुनं इंजिन काळा धूर ओकायचं, क्लचचा वास दुकानापर्यंत यायचा. मी म्हटलं, रऊफभाई, गाडी मरेल. ते म्हणाले, मरू दे. त्या दिवसांत भाभी पुन्हा थोड्या बोलायला लागल्या होत्या. "मी मालगाडी झाले ताई," असं म्हणायच्या. एकदा त्यांनी मला लिंबाची फोडही दिली.

मला वाटलं, जमलं. खरंच वाटलं होतं. रऊफभाईंना तर वाटलंच होतं. ते पुन्हा मोठ्याने बोलायला लागले, गिऱ्हाइकांना शिव्या द्यायला लागले.

ते फार टिकलं नाही. गाडी तीच, गोण्या त्याच, रस्ता तोच, आणि भाभी पुन्हा ओढणी दातांत धरून यायला लागल्या. रऊफभाईंनी गोणी वाढवली, काढली, टायरमधली हवा अजून कमी केली, एक पाटा बदलला. डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेऊन काय ते सांगितलं असणार. ते त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. कदाचित ऐकलंही नसेल.

एक दुपार मी विसरू शकत नाही. पिकअप आमच्या दुकानासमोर उभी होती. इंजिन बंद. रऊफभाई भाभींना पाणी पाजत होते आणि भाभींनी एकदम त्यांचं मनगट पकडलं.

"लग रहा है," त्या म्हणाल्या. "रऊफ, बहोत लग रहा है."

"कुठे? कुठे लागतंय?"

"गाडी... गाडी को कुछ करो."

रऊफभाई ताडकन मागे फिरले, पाना उचलला आणि पाठीवर झोपून गाडीखाली शिरले. आतून लोखंडावर पाना वाजायला लागला. हा बोल्ट, तो बोल्ट. मी भाभींचा हात धरून उभी होते आणि तो हात माझा हात चुरडत होता. आवाज थांबेना तेव्हा मी वाकले. ते छातीवर पाना धरून कमानीकडे बघत होते आणि एकेका पाट्यावर बोट फिरवत होते.

"रऊफभाई," मी म्हटलं, "गाडी उभी आहे."

"हां ताई. बघतो. बघतो मी."

"गाडी बंद आहे हो."

"हां, हां," ते म्हणाले आणि पुन्हा पहिल्या पाट्यापासून बोट फिरवायला लागले. मी काय करणार होते? मी नुसती वाकून उभी राहिले.

आता शेजारचं दुकान इरफान चालवतो. चांगला चालवतो. गाडी उंच करायला आलेल्या पोरांना तोही घरातले गुडघे विचारतो, फक्त हसत नाही. रऊफभाई मुलीकडे मालेगावला गेले आणि परत आले नाहीत. फोन केला तर उचलतात, "बरंय ताई" म्हणतात आणि ठेवून देतात. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते दवाखान्याच्या आवारात.

इरफानने फोन केला तेव्हा मी शिवत होते. दुकानातला सगळ्यात जाड फोम गुंडाळून, रिक्षात आडवा घालून गेले. कशासाठी घेतला ते मलाही सांगता आलं नसतं. रऊफभाई वऱ्हांड्यात खुर्चीत बसले होते. पाठ टेकून, हातांवर हात ठेवून, शहाण्या माणसासारखे खुर्चीत बसले होते. कुणी उठा म्हटलं की उठत होते, बसा म्हटलं की बसत होते, कागद पुढे केला की सही करत होते. विंचूरहून आठ-दहा माणसं आली होती. सगळं तीच बघत होती. भाभींना घरी न्यायची गाडी कुठली, हे मात्र कुणी विचारलं नाही. पिकअप दारात उभीच होती.

माणसांनी हौद्यात जागा करायला वाळूच्या गोण्या काढल्या आणि आवाराच्या भिंतीशी रांगेने ठेवल्या. त्यांचं काही चुकलं नव्हतं. भाभींना पांढऱ्या चादरीत बाहेर आणलं. मागून रऊफभाई आले. गाडीपाशी ते थांबले, आणि दोन्ही तळहात मागच्या कोपऱ्यावर ठेवून त्यांनी गाडी दाबली. सोडली. गाडी टणकन वर आली आणि डुलत राहिली.

"गोण्या कुठे?"

"काढल्या चाचा," इरफान म्हणाला. "जागा पाहिजे ना."

"परत टाक."

"चाचा, आता..."

"रिकामी गाडी उडते," रऊफभाई म्हणाले. आवाज चढला नव्हता. दुकानात गिऱ्हाइकाला समजावायचे त्याच आवाजात म्हणाले. "उसको लगेगा."

इरफानने माझ्याकडे पाहिलं, मी मानेनेच हो म्हटलं. मग त्या माणसांनी एकेक गोणी उचलून परत चढवली, दोन्ही बाजूंनी लावली आणि मध्ये जागा ठेवली. त्या जागेत मी फोम अंथरला. भाभींना त्यावर ठेवलं. रऊफभाई वर चढले आणि त्यांच्या डोक्याशी उघड्या पत्र्यावर बसले, पाय लांब सोडून, कशालाही न धरता. मग भाभींचं डोकं दोन्ही हातांत घेतलं.

गाडी निघाली. मी चालत फाटकापर्यंत गेले. फाटकात स्पीडब्रेकर आहे. मागे दोन मोटारी येऊन हॉर्न वाजवायला लागल्या होत्या. इरफान मुळातच इतका हळू चालवत होता की मी गाडीच्या बरोबरीने चालत होते. पुढची चाकं ब्रेकरला लागायच्या आत रऊफभाईंनी एक हात सोडवून घेतला आणि केबिनच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या.